आईची साक्ष

१५ नोव्हेंबर १९८७, रविवार

चर्चमधली उपासना संपल्यावर पास्टर हूकस्ट्रांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "हार्लन, मे महिन्यात काउंटी कमिशनरच्या जागेला तुम्ही उभं राहायचं." मी हसलो. ते हसले नाहीत.

"पास्टर, मी जमिनी मोजणारा माणूस. मला भाषण कुठे येतं?"

"म्हणूनच तुम्ही. भाषणांना लोक विटलेत. तुमची मोजणी आजवर कुणी खोटी पाडली नाही. तोच माणूस उद्या म्हणाला की टॅमरॅक काउंटीचे कायदे देवाच्या नियमशास्त्रावर बेतले पाहिजेत, तर लोक ऐकून तरी घेतील."

गाडीत बसेपर्यंत माझे कान गरम होते. या वयात कौतुकाने माणूस असा फुलतो, याची लाजही वाटली.

मी मुळात धर्माला रविवारी सकाळपुरती जागा देणाऱ्यातला. पास्टर इथे आयडाहो राज्यात आले आणि त्यांनी शिकवलं की मोशेला दिलेलं शास्त्र नुसतं वाचायला नाही, चालवायला दिलं आहे. राजा असो, न्यायाधीश असो, काउंटीचा कारकून असो, सगळे त्याखाली. मला ते पटलं, त्याचं कारण माझा धंदा. हद्दीच्या भांडणांत साक्ष द्यायला मी जन्मभर कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. चांगल्या वकिलापायी चोर सुटलेले पाहिले, आणि एका विधवेचा पाण्याचा झराही गेलेला पाहिला. विधानसभेला दर वर्षी हलवता येणार नाही असा एखादा दगड कुठेतरी रोवलेला असावा, असं मला फार वाटतं.

माझी बायको लिओना कणीक मळत होती. तिला सांगितलं.

"तुला व्हायचंय का?"

"देवाची इच्छा असेल तर."

"मी तुला विचारलं, हार्लन. देवाला नाही."

२९ नोव्हेंबर, रविवार

आमच्या चर्चच्या मंडळीचा कारभार पाहणारे तीन वडीलजन, म्हणजे पास्टर, बर्ल टटल आणि मी, आज प्रथमच न्यायाला बसलो. दोन सभासदांचं शेतातल्या चरावरून भांडण होतं. मी काल मोजून आलो होतो. पास्टरांनी शास्त्र वाचलं, मी आकडे सांगितले, बर्लने दोघांनाही दोन खडे बोल सुनावले आणि शेवटी त्यांनी हात मिळवले. एकाच्या डोळ्यांत पाणी होतं. सरकारी कोर्टात याच चराने दोन हिवाळे खाल्ले असते. मंडळीबाहेरचा एक शेतकरीसुद्धा दाराशी विचारत होता, आमचंही ऐकाल का म्हणून. वाटलं, हेच मोठ्या प्रमाणावर का होऊ नये?

परतताना बर्ल माझ्या गाडीत होता. आमची लहानपणापासूनची दोस्ती. मळ्याच्या वळणावर तो म्हणाला, "माझा रॉइस परत कोठडीत आहे. दारू पिऊन कुणाच्या तरी कुंपणात ट्रॅक्टर घातला."

मी म्हटलं, "वय आहे, निवळेल."

"वीस वर्षांचा झाला. मी या वयात बापाची शेती ओढत होतो," एवढं बोलून तो उतरला.

११ डिसेंबर, शुक्रवार

दुपारी बर्ल आला तो कानाला टाके घालून. वसंतात पेरायला राखलेलं मसुराचं बियाणं रॉइसने परस्पर विकलं होतं. जाब विचारला तेव्हा पोराने बापाला पाना मारला. बर्ल खुर्चीत बसून टोपी हातात फिरवत होता.

"दोनदा कोर्टात नेला. न्यायाधीश म्हणतो, याला बोलतं करा, याच्या मनात काय आहे ते विचारा. अरे, माझं बियाणं गेलंय! आता मला पास्टर म्हणतात तेच दिसतं."

बायबलच्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातला तो उतारा मला ठाऊक होता. आईबापांना न जुमानणारा, दारुड्या, उधळ्या मुलगा. आईबाप त्याला धरून वेशीपाशी वडीलजनांपुढे आणतात. आणि मग गावातले पुरुष दगड उचलतात.

"बर्ल, अरे ते..."

"जीव कोण घेतोय? सरकार घेऊ देणार नाही, आणि माझाही हात उठायचा नाही. पास्टर म्हणतात, कायदा आपल्या हातात येत नाही तोवर मंडळीने त्याला निदान मेला असं धरावं. कुणी बोलायचं नाही, जेवायला घालायचं नाही, दारात घ्यायचं नाही. कदाचित त्याने शुद्धीवर येईल."

लिओना स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "आणि फर्न? ती काय म्हणते?"

"फर्न माझी बायको आहे," बर्ल म्हणाला.

"ते मला माहीत आहे. मी लग्नाला होते."

तो निघाल्यावर ती बराच वेळ एकच भांडं घासत होती. मला बर्लची कीव आली. त्याच्याजवळ दुसरा मार्ग होता असं अजूनही म्हणवत नाही.

२० डिसेंबर, रविवार

पास्टरांनी मला आणि बर्लला तो उतारा समजावून सांगितला. एकट्या बापाचं चालत नाही. आईनेही स्वतःच्या तोंडाने सांगितलं पाहिजे. "यात केवढी दया आहे बघा. बापाच्या रागाच्या भरात पोर जाऊ नये म्हणून देवाने आईला मध्ये उभं केलंय."

हे मला फार आवडलं. एका रेघेवरून कोपरा ठरत नाही, दुसऱ्या बाजूनेही मोजावं लागतं.

निघताना पास्टर मला म्हणाले, "आपण दुसऱ्यांच्या मुलांसाठी कायदा मागतो. आपल्या मुलांना तो लावतो का, हे लोक बघतील. तुमच्या निवडणुकीला याचं वजन येईल." निवडणुकीचं नाव इथे निघायला नको होतं असं वाटलं. पण त्यांचं म्हणणं चूक नव्हतं.

१० जानेवारी १९८८, रविवार

आज ते झालं. नीट लिहून काढतो.

चर्चच्या दाराशी, वेस म्हणून, आम्ही तिघे उभे राहिलो. मंडळी आत बाकांवर. रॉइस आपल्या पायांनी आला, अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून. दारूचा वास नव्हता. तो येणार नाही असं मी धरून चाललो होतो.

बर्लने सांगायला सुरुवात केली. बियाणं, ट्रॅक्टर, पाना. "हा माझा मुलगा माझं ऐकत नाही," इथे त्याचा आवाज फाटला. मग पास्टरांनी फर्नकडे पाहिलं. ती खाली बघत होती. बर्लचा हात तिच्या खांद्यावर होता.

"फर्न, हा तुमचं ऐकत नाही, हे खरं ना?"

तिचं डोकं हललं. मला हललेलं दिसलं.

पास्टर माझ्याकडे वळले. "हार्लन, तुम्ही जवळ आहात. आईची साक्ष मिळाली?"

मी म्हटलं, "मिळाली."

तेव्हा रॉइस पहिल्यांदा बोलला. "आई, तू बस आता. पाय सुजतील तुझे."

मग पास्टरांनी त्याला मृत जाहीर केलं आणि शवपेटीवाचून दफनाची उपासना झाली. स्तोत्र म्हटलं, प्रार्थना झाली. रॉइस दाराला टेकून शेवटपर्यंत उभा होता. लहानपणी याच चर्चमध्ये तो पुढे उभा राहून गायचा. शेवटच्या आमेननंतर त्याने टोपी घातली आणि म्हणाला, "झकास झालं. खरा मेलो असतो तर एवढी गर्दी जमली नसती." कुणी हसलं नाही, कारण त्याच्याशी हसायचंही नव्हतं. तो बर्फातून चालत गेला.

जेवताना लिओना म्हणाली, "ती बोलली नाही."

"तिने मान हलवली."

"खांदे हलत होते तिचे. रडत होती ती."

"तू मागच्या बाकावर होतीस."

"हो, आणि मला तिथून दिसलं. तू हातभर अंतरावर होतास."

मी तिला म्हटलं की पास्टरांचीही खात्री पटली होती. ती म्हणाली, "पास्टरांनी तुला विचारलं होतं." मग तिने आपली थाळी उचलली. अर्धं जेवण तसंच होतं.

२२ जानेवारी, शुक्रवार

शेतकरी सभागृहात माझं पहिलं भाषण. रविवारी दुकानं बंद असावीत, चोराने तुरुंगात फुकट खाण्यापेक्षा ज्याचं चोरलं त्याला दुप्पट भरून द्यावं, हद्दीचा दगड हलवणाऱ्याला जबर दंड असावा. टाळ्या पडल्या. दारूचा गुत्ता चालवणाऱ्या म्हाताऱ्या बाईने विचारलं, "आणि माझं काय करणार, मिस्टर प्रूएट? दगड मारणार का?" लोक हसले, मीही हसलो. पास्टरांनी उठून सांभाळून घेतलं.

लिओना आली नाही. तिच्या आईचं घर शरद ऋतूपासून विकायला काढलंय, तिथले नळ गोठू नयेत म्हणून ती हल्ली रोज शेगडी पेटवायला जाते.

४ फेब्रुवारी, गुरुवार

थंडी हाडात शिरते आहे. आमचा लाकडांचा ढीग यंदा फार लवकर उतरला. लिओनाला म्हटलं, रिकाम्या घराला इतकी ऊब कशाला? म्हणाली, "जुनं घर आहे, ते पटकन गार पडतं." माझे लोकरीचे मोजेही सापडत नाहीत. तिचा स्वभाव मात्र निवळलाय. आज ब्रेड भाजताना गुणगुणत होती. पावही रोज दोन भाजते. निवडणुकीच्या धामधुमीने घरात जीव आलाय असं दिसतं. तिला ही गोष्ट आवडू लागलीय, फक्त कबूल करत नाही.

बर्ल खंगलाय. फर्न चर्चला येते, बसते, जाते. बायका तिच्याशी हवापाण्याचं बोलतात.

१८ फेब्रुवारी, गुरुवार

आज जे पाहिलं ते लिहायला नको वाटतं. तरी लिहितो.

सासूच्या घराला गिऱ्हाईक येणार म्हणून आवार मोजायला गेलो. लिओना गावात होती. दार ढकललं तर स्वयंपाकघरात रॉइस बसून बटाटे सोलत होता. पायांत माझे मोजे.

"या हार्लनकाका," तो म्हणाला. मग हळूच, "माझ्याशी बोलायचं नाहीये तुम्हाला. मान डोलावलीत तरी चालेल."

मी दारातच उभा. सहा आठवडे माझ्या बायकोने याला पोसलं होतं आणि मला वाटत होतं की ती माझ्या निवडणुकीने खूष आहे.

"पितोस अजून?" मी विचारलं. बोलून गेलो.

"लिओनाकाकूंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, एक थेंब दिसला तर बर्फात काढीन. त्या काढतील. म्हणून पीत नाही." त्याने बटाटा पाण्यात टाकला. "बाबांचा कान बरा झाला का?"

"झाला."

"मी मारायला नको होतं. बियाणं पण. मला माहीत आहे ते. तिथे दारात उभा होतो ना, तेव्हा तेच सांगायला आलो होतो. पण मला कुणी विचारलंच नाही."

त्याला कोट पातळ आहे का, असं काहीतरी मी विचारलं. तो हसला. "मेलेल्याला कसली थंडी, काका?"

संध्याकाळी लिओनाला सांगितलं की मी पाहिलं. तिने कसलंही कारण दिलं नाही. "फर्न मला रस्त्यात भेटली तेव्हा एवढंच म्हणाली, तो कुठे झोपत असेल? मी म्हटलं, मी बघते. संपलं."

"लिओना, मी वडीलजन आहे. मला हे पास्टरांना सांगावं लागेल."

"सांगावं लागेल, की सांगायचंय?"

मी लाकडं आणायला बाहेर गेलो.

२१ फेब्रुवारी, रविवार

पास्टरांना सांगितलं. ते रागावले नाहीत. उलट माझा हात धरला. म्हणाले की बायका मनाने मऊ असतात, लिओनाने मंडळीपुढे उभं राहून चूक कबूल केली की पुरे. आणि मुलाने ते घर सोडलं पाहिजे. "हे बाहेर कळलं तर लोक म्हणतील, प्रूएट दुसऱ्याच्या पोराला कायदा लावतो आणि स्वतःच्या घरात मोडतो."

मी म्हटलं, आईची साक्ष खरोखर झाली होती का, याची मला अलीकडे खात्री वाटत नाही. ते म्हणाले, "तुम्हीच तर सांगितलंत, हार्लन. ते तुमच्या शब्दावर उभं आहे."

परतताना रॉइसकडे गेलो. त्याला सांगितलं की पुढच्या सोमवारी मी स्वतः त्याला स्पोकेन शहरात पोहोचवतो, तिथे माझ्या ओळखीचा एक लाकडाचा कारखानदार आहे. काकूला सगळ्यांसमोर उभं करणार का, असं त्याने विचारलं. मी हो म्हणालो. कधी? पुढच्या रविवारी. तो म्हणाला, "बरं."

मला वाटलं, तोडगा निघाला. मनावरचा भार उतरला होता.

२९ फेब्रुवारी, सोमवार

काल सकाळपासून वादळ. तरी आम्ही चर्चला गेलो. लिओनाला पुढे बोलावलं, ती उठली आणि म्हणाली, "मी एका भुकेल्या मुलाला जेवू घातलं. परत घालीन." आणि दाराबाहेर निघून गेली. मी तिच्यामागे गेलो नाही. उपासना व्हायची होती.

ती आईच्या घरी पोहोचली तेव्हा शेगडी विझवलेली होती, भांडी धुऊन पालथी घातलेली, आणि माझे मोजे खुर्चीच्या पाठीवर वाळत ठेवलेले. तिला उभं करायच्या आधी आपण तिथे नसावं असं त्याने ठरवलं असणार. हमरस्त्यावर एखादा ट्रक भेटेल या हिशेबाने निघाला असेल. काल त्या चढावर ट्रक येतच नव्हते.

आज दुपारी बर्फ काढणाऱ्या गाडीवाल्याला तो सापडला. रस्त्याकडेच्या खोलगट जागेत, वाऱ्याच्या आडोशाला बसलेला. शेरीफचा माणूस मला सांगायला आला, कारण त्याच्या खिशात स्पोकेनच्या कारखानदाराचा पत्ता माझ्या अक्षरात होता.

लिओना भिंतीकडे तोंड करून बसलीय. मी दोनदा हाक मारली.

२ मार्च, बुधवार

शेरीफचा माणूस बर्लकडे गेला होता, शव ताब्यात घ्या म्हणून. बर्ल त्याला म्हणाला, "माझा मुलगा दहा जानेवारीला वारला. उपासना झालेली आहे." शेरीफच्या माणसाला काही कळेना. त्याने मला येऊन विचारलं, "हे डोक्यावर परिणाम झाल्यासारखं वाटतं का तुम्हाला?" मी त्याला समजावून सांगायला लागलो आणि मध्येच थांबलो. मोठ्याने सांगताना ते वेगळंच ऐकू येत होतं.

पास्टर म्हणतात, चर्चच्या दफनभूमीत घेता येणार नाही. घेतलं तर तो निवाडाच पुसल्यासारखं होईल.

६ मार्च, रविवार

आज चर्चला गेलो नाही. आयुष्यात आजारपणाखेरीज पहिल्यांदा.

फर्नने शव मागून घेतलं. बर्लला न विचारता, लिओनाच्या गाडीत बसून गेली आणि सही केली. बेवारशांसाठी काउंटीने राखलेल्या जमिनीत, डोंगराच्या बाजूला, त्याला ठेवलं. जमीन इतकी गोठली होती की खणायला काउंटीचं यंत्र आणावं लागलं. फर्न, लिओना, शेरीफचा माणूस आणि यंत्रवाला. मी कुंपणापाशी थांबलो होतो. शेवटी आत गेलो.

प्रार्थना कुणी म्हणायची? सगळे माझ्याकडे बघायला लागले. फर्न म्हणाली, "यांनी नको." मग शेरीफच्या माणसाने टोपी काढून प्रभूची प्रार्थना म्हटली. मध्ये दोन शब्द चुकला.

माती लोटून झाल्यावर फर्न माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी तिला इतकी वर्षं ओळखतो, पण तिने माझ्याकडे सरळ कधी पाहिलं होतं असं आठवत नाही.

"हार्लन, त्या दिवशी तुम्ही म्हणालात, मिळाली. काय मिळालं तुम्हाला? मी काय दिलं, सांगा ना मला."

मी टोपी काढून हातात घेतली.

"मला बोलायचं होतं. नाही, असं म्हणायचं होतं. तोंड उघडत होते तेवढ्यात तुम्ही म्हणालात."

१७ एप्रिल, रविवार

लिओना आणि फर्न दोघी सासूच्या घरात राहतात. घर विकायचं नाही असं लिओनाने कळवलं. तिचं घर आहे, तिचा हक्क आहे. मी लाकडं टाकून येतो. ती घेते, चहा विचारत नाही.

निवडणुकीतून माघार घेण्याबद्दल पास्टरांशी बोललो. ते म्हणाले की दुःखाने खचून मागे फिरणं हा सैतानाचा विजय, आणि त्या मुलाचं मरणदेखील वाया जाता कामा नये. ते बोलतात तेव्हा पटतं. घरी आल्यावर पटत नाही. घरी कुणी नसतं, हेही कारण असेल.

२४ मे, मंगळवार

जिंकलो. या काउंटीत मे महिन्यात पक्षाची उमेदवारी मिळाली की नोव्हेंबरची निवडणूक नावापुरतीच उरते. लोकांनी दारापुढे गाड्यांचे भोंगे वाजवले. चर्चच्या सभागृहात कॉफी आणि सफरचंद भरलेली ॲपल पाय होती. पास्टरांनी पहिले कायदे कोणते मांडायचे ते सांगितलं. कुणीतरी मागून विचारलं की यात अन्याय होणार नाही कशावरून? पास्टर म्हणाले, "देवाचा कायदा माणसाच्या कायद्यापेक्षा सावध आहे. उदाहरण आपल्याच मंडळीतलं घ्या. आईची साक्ष मिळाल्याखेरीज आपण बोटसुद्धा उचललं नाही. हार्लन सांगतील."

सगळे वळून माझ्याकडे बघू लागले. माझ्या हातात बशी होती. मी म्हणालो, "हो." मग प्रसाधनगृहात जाऊन सगळं ओकलो.

बर्ल तिथे नव्हता.

२५ मे, बुधवार

सकाळीच बर्लच्या शेतावर गेलो. मसूर पेरून झाला होता आणि तो जमिनीवरून लोखंडी रूळ फिरवत होता. मला पाहून त्याने ट्रॅक्टर थांबवला पण इंजिन बंद केलं नाही.

"कमिशनरसाहेब," तो म्हणाला.

"बर्ल, इंजिन बंद कर. सांगायचंय."

त्याने बंद केलं. मी सगळं एका दमात सांगितलं. फर्न बोलली नव्हती. तिने मान हलवली की नाही हे मला माहीत नाही, मला ती हललेली हवी होती. मी साक्ष मिळाली म्हणालो ते खोटं होतं. आपल्याच कायद्याने पाहिलं तर तो निवाडा कधी झालाच नाही. रॉइस कधी मेलेला नव्हताच. आणि रविवारपर्यंत मी हे मंडळीपुढे आणि काउंटीच्या कचेरीत दोन्हीकडे सांगणार आहे.

मला वाटलं तो मारेल. मी त्याची तयारी करून गेलो होतो.

तो खाली उतरला. रुळाच्या कडेला चिकटलेली माती बोटाने काढत राहिला.

"कुठे ठेवलंय त्याला?"

"तू गेला नाहीस अजून?"

"कुठे ते मला कुणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही."

माझ्या गाडीतून गेलो. काउंटीच्या जमिनीत दगड नाहीत, नुसते क्रमांकाचे पत्रे आहेत. फर्नने तिथे पिवळी फुलझाडं लावलीत, त्यावरून मी त्याला दाखवलं. बर्ल गुडघ्यांवर बसला. त्याने हाताने माती दाबून पाहिली, शेतात दाबून पाहतो तशी.

मी म्हटलं, "मला क्षमा कर, असं म्हणायचीही माझी लायकी नाही. तुला फसवलं मी."

"फसवलं नाहीस." तो मातीकडे बघतच बोलत होता. "ती बोलली नाही हे मला माहीत होतं. माझा हात तिच्या खांद्यावर होता, हार्लन. ती कशी थरथरत होती ते मला हाताला कळत होतं."

वारा सुटला होता. मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"मग तू का नाही..."

"मी सांगितलं होतं ना सगळ्यांसमोर, की हा माझा मुलगा माझं ऐकत नाही. ते परत कसं घेणार? बाप होतो. वडीलजन होतो." त्याने माझ्याकडे पाहिलं. डोळे कोरडे होते. "मी तुझ्याकडे बघत होतो तेव्हा. पास्टरांनी तुला विचारलं ना, तेव्हा मनात म्हटलं, सुटलो. हार्लन खोटं मोजत नाही. हार्लन आता नाही म्हणेल."